कोर्टाने पैसे फेडायला सांगितले, पण हप्ता किती सांगायचा?

समजा, औशातल्या एका नोकरदाराविरुद्ध २ लाख ४० हजार रुपयांचा हुकूमनामा झाला. एकरकमी देण्याची ऐपत नाही. 'महिन्याला किती देणार?' या प्रश्नावर घाबरलेला माणूस तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळा होतो. पुढची अडचण तिथूनच सुरू होते.

आधी व्याज बघायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ नुसार निकालानंतर मुद्दलावर वर्षाला ६ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं, व्यापारी व्यवहारात त्याहून जास्तही. नेमका दर हुकूमनाम्यातच असतो. ६ टक्के धरले तर वर्षाचे १४,४०० होतात, म्हणजे महिन्याला १,२००. हप्ता हजाराचा ठरला तर कर्ज फिटणार नाही, उलट वाढेल.

दुसरं टोक कलम ६० मध्ये सापडतं. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. पगार २५ हजार असेल तर १७ हजार सुरक्षित, जास्तीत जास्त ८ हजारांवर जप्ती. (पोटगीच्या हुकूमनाम्याला हा हिशेब लागू नाही.) शिवाय एकाच हुकूमनाम्यासाठी पगारावरची जप्ती एकूण २४ महिनेच चालते. म्हणजे या मार्गाने फार तर १ लाख ९२ हजार वसूल होतील. इतर मालमत्तेवर दरखास्त चालू शकते, पण तोही वेळखाऊ रस्ता. म्हणूनच नियमित येणारा साडेपाच हजारांचा हप्ता समोरच्यालाही पटू शकतो. बोलणी करताना ऋणकोच्या हातातला हा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि नेमका तोच बहुतेकांना माहीत नसतो.

आकडा ठरवताना चांगला महिना नाही, वाईट महिना धरायचा. शाळेची फी, दवाखाना, दिवाळी यांतूनही जो हप्ता निघेल तोच खरा. कारण तडजोडीत बहुधा अट असते: हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम वसूल.

शेतकऱ्याला तर महिन्याचा हप्ता जमतच नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो, तुरीचा त्यानंतर. वर्षाला दोन हप्ते मागणं जास्त प्रामाणिक. उपजीविकेसाठी लागणारी अवजारं, जनावरं, बियाणं आणि शेतकऱ्याचं राहतं घर यांना जप्तीपासून संरक्षण आहे. जमीन मात्र त्या यादीत नाही.

तुरुंगाची धमकी ऐकून आकडा फुगवू नये. निव्वळ गरिबीमुळे पैसे देता येत नाहीत म्हणून कैद करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केलं. पैसे असून टाळाटाळ करणाऱ्याला मात्र अटक होऊ शकते.

हप्त्यांची विनंती निकालाच्या वेळीच करणं उत्तम. नंतर अर्जासाठी निकालापासून ३० दिवस मिळतात आणि समोरच्याची संमतीही लागते. लोकअदालतीत तडजोड झाली तर त्यावर अपील नसतं, त्यामुळे सही करण्याआधी हिशेब पक्का हवा.

आणि पैसे द्यायचे ते कोर्टात, बँकेतून किंवा मनीऑर्डरने. बाहेर परस्पर दिले असतील तर ३० दिवसांत अर्ज करून कोर्टात त्यांची नोंद करून घ्यावी लागते. नोंद नसेल तर दरखास्तीत ते पैसे धरले जात नाहीत.