साइक्सची मत्स्ययादी व मुळा-मुठेवरील धरणें

जुनीं दफ्तरें धुंडाळणाऱ्यांच्या दृष्टीस नदी बहुधा तीन प्रसंगीं पडते : फौज उतरून गेली तेव्हां, पूर आला तेव्हां, किंवा दोन गांवांच्या शिवेचा तंटा पडला तेव्हां. नदीच्या पाण्यांत काय नांदत होतें याची नोंद करण्याचें प्रयोजन कारकुनास पडत नसे. ह्यामुळें धरणें होण्यापूर्वीं आमच्या नद्यांची स्थिति काय होती, ह्या प्रश्नास उत्तर देणारीं साधनें फार थोडीं आहेत. त्यांपैकीं एका साधनाचा परिचय करून द्यावा व त्यावरून निघणारे निष्कर्ष वाचकांपुढें ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हें साधन म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची दख्खनच्या माशांची यादी होय. खडकीच्या लढाईंत (इ. स. १८१७) इंग्रजांच्या बाजूनें लढलेला हा अधिकारी पुढें १८२४ सालीं मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर झाला. पिकें, वजनेंमापें, वतनें व लोकसंख्या यांची माहिती जमवीत असतांच त्यानें ह्या प्रांतांतील पशु, पक्षी व मासे यांचीही टिपणें केलीं. त्याचा मत्स्यविषयक निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तांत १८३९ सालीं प्रसिद्ध झाला. चित्रांसह सविस्तर लेख १८४१ सालीं निघाला. चाळिसांहून अधिक जातींचें वर्णन त्यांत असून त्यांपैकीं बहुतेक तोंपर्यंत शास्त्रास अज्ञात होत्या.

आमच्या दृष्टीनें ह्या यादीचें महत्त्व दुहेरी आहे. पहिलें असें कीं, नव्या जातींस नांवें देतांना साइक्सनें पुष्कळ ठिकाणीं येथील भोई व कोळी यांच्या तोंडचे शब्दच घेतले. कोलस, सींगटी, गोगरा, खुद्री हीं नांवें लॅटिन प्रत्ययांच्या शेजारीं बसून आज जगांतील सर्व मत्स्यशास्त्रीय ग्रंथांत चालू आहेत. शंभर वर्षांपूर्वींचें एखादें मोडी पत्र जसें बोलीचा पुरावा असतें, तशीच ही यादी नदीकांठच्या मराठी बोलीचा पुरावा आहे. दुसरें असें कीं, साइक्सनें कित्येक मासे कोठें मिळाले तें स्थळही नोंदविलें. महासीर वर्गांतील ‘खुद्री’ ह्या जातीचें मूळ स्थळ ‘मोटा मोला’, म्हणजे मुठा-मुळेचा प्रवाह, पुण्याच्या पूर्वेस कांहीं मैलांवर, असें त्यानें दिलें आहे. म्हणजे ज्या माशास आज सर्व जग टॉर खुद्री म्हणतें, त्याचें जन्मस्थान, शास्त्राच्या कागदोपत्रीं तरी, पुण्याची नदी हेंच आहे.

ही यादी झाली तेव्हां ह्या नद्यांवर मोठें धरण एकही नव्हतें. पाणी अडविण्याची विद्या आमच्याकडे नव्हती असा ह्याचा अर्थ नव्हे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजचा तलाव बांधून पुण्यास नळानें पाणी आणलें होतें. खानदेशांत पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे फार पूर्वींपासून चालू होते. परंतु कात्रजचा तलाव ओढ्यावरचा. आणि खानदेशांतील बंधारे ठेंगणे, पावसाळ्यांत पुराखालीं बुडून जाणारे. पूर चढला कीं नदी वरपासून खालपर्यंत एक होई, आणि विणीसाठीं वर जाणाऱ्या माशास वाट मोकळी मिळे.

ही स्थिति प्रथम बदलली ती खडकवासल्यास. १८७९ सालीं पूर्ण झालेल्या ह्या दगडी धरणाच्या जलाशयास तें बांधविणाऱ्या अभियंत्यावरून फाइफ तलाव म्हणत. पुढें इंद्रायणीच्या उगमाकडील वळवण वगैरे तलाव व मुळेवरील मुळशीचें धरण हीं टाटांच्या वीज योजनेसाठीं झालीं. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. ह्या योजनेचा विशेष हा कीं, पूर्ववाहिनी नद्यांचें पाणी घाट उतरवून कोंकणांत सोडण्यांत आलें : लोणावळ्याकडील पाणी पाताळगंगेंत, मुळशीचें कुंडलिकेंत. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापति बापट प्रभृतींनीं केलेला १९२१ ते १९२४ चा सत्याग्रह वाचकांस ठाऊकच आहे. त्या वादाचा सारा भर शेतकऱ्याची जमीन व घर यांवर होता, व तो योग्यच होता. पाण्याखालीं जाणाऱ्या माणसांची दाद जेथें लागली नाहीं तेथें पाण्यांतील प्राण्यांची दाद कोण घेणार ! पुढें पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटून खडकवासल्याचें धरणही गेलें व पुण्यावर अनर्थ ओढवला. दोन्हीं पुन्हा बांधण्यांत आलीं, आणि कालांतरानें वरसगांव व टेमघर यांची भर पडली. मुठेच्या खोऱ्यांत आज चार धरणें आहेत.

ह्यांचा परिणाम जलचरांवर कसा झाला हें समजण्यास महासीराचा स्वभाव ध्यानांत घ्यावा लागतो. हा मासा वाहत्या, स्वच्छ व खडकाळ पाण्याचा. पावसाळ्यांत प्रवाहाविरुद्ध वर जाऊन गोट्यावाळूच्या तळावर अंडीं घालणारा. धरणाची भिंत त्याची वाट बंद करते. भिंतीच्या वर खळाळ बुडून स्थिर पाणी होतें, व गोट्यांच्या तळावर गाळ बसतो. भिंतीच्या खालीं पाणी कालव्यांत वळतें. उन्हाळ्यांत पात्रांत राहतें तें बहुतांशीं शहराचें सांडपाणी. पूर्वीं पुरानें पात्र दरवर्षीं धुऊन निघे; आतां पूर धरणाच्या दारांवर अवलंबून. एकट्या भिंतीस दोष देणें मात्र न्याय्य होणार नाहीं. सांडपाणी, वाळूचा उपसा, आणि १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणलेल्या तिलापियासारख्या परक्या माशांचा फैलाव हींही कारणें तितकींच बलवत्तर आहेत. परंतु वाहत्या पाण्यास जें पेलतां आलें असतें तें अडलेल्या पाण्यास पेलत नाहीं.

पुणें प्रांतांतील नद्यांची पाहणी करून अभ्यासकांनीं २००३ सालीं जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांत साइक्सपासूनच्या याद्यांशीं ताडून पाहतां जुन्या कित्येक जाती आढळल्या नाहींत असें दाखविलें आहे. सुंदरलाल होरा यांनीं १९३८ सालीं पुण्याच्या नांवानेंच वर्णिलेली ग्लिप्टोथोरॅक्स पुनाएन्सिस ही खडकास चिकटून राहणारी लहान जात आज संकटग्रस्त गणली जाते. साइक्सची यादी नसती तर ही तूट कोणाच्या लक्षांतही आली नसती. आजचा माणूस आपल्या लहानपणची नदी तीच मूळची नदी मानतो. तिच्या आधींची नदी कागदांतूनच शोधावी लागते.

धरणानें केवळ हानीच झाली असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागें गाळ सांचून जी पाणथळ जागा झाली तेथें पक्ष्यांची एवढी वस्ती जमली कीं, महाराष्ट्रांतील पहिलें रामसर क्षेत्र होण्याचा मान २०२० सालीं तिलाच मिळाल्याचें जाहीर झालें. भीमेवरील उजनीच्या जलाशयावर, भिगवणजवळ, रोहित पक्षी येतात. नदीचे प्राणी गेले व तळ्याचे आले, असा हा व्यवहार आहे. परंतु तळ्याचा पक्षी दुसऱ्या तळ्यावर उडून जाऊं शकतो. सह्याद्रीच्या चार नद्यांखेरीज ठाव नसलेल्या माशास दुसरें घर नाहीं.

हानि भरून काढण्याचा एक प्रयत्न येथें सांगितला पाहिजे. लोणावळ्यास, ज्या वीज योजनेच्या तलावांनीं नदी अडविली त्याच तलावांच्या कांठीं, १९७० नंतरच्या दशकांत खुद्रीचीं पिलें कृत्रिम रीतीनें वाढविण्याचें काम सुरू झालें व यशस्वी झालें. तीं पिलें दूरदूरच्या नद्यांत सोडण्यांत आलीं. कावेरींतही सोडलीं गेलीं. तेथें खुद्री फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा मदार असलेला महासीर हटत गेला. टॉर रेमादेवी ही त्याची खरी ओळख २०१८ सालीं निश्चित झाली तेव्हां तो नामशेष होण्याच्या काठावर येऊन ठेपला होता. कोणत्या नदींत कोणता मासा मूळचा, ह्याची खात्रीची नोंद नसतां केलेल्या उपकाराचा असा अपकार होतो.

तात्पर्य, जुन्या नोंदींचा हा उपयोग केवळ कुतूहलाचा नाहीं. साइक्सपूर्वींचीं साधनेंही अगदींच नाहींत असें नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मत्स्यविनोदाचें प्रकरण असून समुद्राचे व नदीचे मासे निरनिराळे सांगून प्रत्येकाचें आमिषही दिलें आहे. होरा यांनीं १९५१ सालीं त्याचा परामर्श घेतला. गाहडवालांच्या ताम्रपटांत दिलेल्या गांवाबरोबर ‘समत्स्याकर’ असें विशेषण येतें. आमच्याकडील इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण अशी परंपरेची मालिका असते. ती आपण ठराविक म्हणून ओलांडून जातों. देहू व आळंदी येथील डोहांत, तसेंच महाडकडील वाळणकोंडींत, मासे न मारण्याची रीत चालत आली. तिच्यामागेंही कागद असणें शक्य आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, भोई व कोळी यांचीं वतनपत्रें, डोहांचे व कोंडींचे तंटे, घाट बांधल्याचे हिशेब, माशांच्या हक्काचे करीने असे कागद हातीं आल्यास ते किरकोळ म्हणून रद्दींत टाकूं नयेत. डोहाचें नांव, माशाचें नांव व साल एवढ्या तीन गोष्टी जरी त्यांत मिळाल्या तरी त्यांची नक्कल करून प्रसिद्ध करावी. डोह आज पाण्याखालीं आहेत व ते जाणणारे भोई पांगले आहेत. ह्यापुढें नदीच्या बाजूनें साक्ष द्यावयाची ती ह्याच कागदांनीं.