लयीचा करारनामा

रायपूरच्या शंकर नगरातून जाणाऱ्या वरातीपुढे धुमाल वाजू लागला, म्हणजे ढोलताशांच्या जोडीस ऑक्टोपॅड आणि कीबोर्डही गर्जू लागतात. परंतु वादक जो मेळ कानाने राखतात, तो यंत्रांनी आपसांत कसा साधला, याचा इतिहास आमच्या संगीतविचारात उपेक्षितच राहिला आहे.

१९८२ साली मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी दहा रागांची इलेक्ट्रॉनिक तबकडी सिद्ध केली, तेव्हा त्यांच्याजवळच्या रोलंडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांना एका तारेने लयबद्ध करण्याची सोय होती. मात्र प्रत्येक कारखानदाराचा शिरस्ता निराळा, रोलंडची मात्रेस २४ स्पंदने तर कॉर्गची ४८, त्यामुळे परक्या पेढीचे यंत्र जोडणे मुष्किलीचेच असे.

जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील प्रदर्शनात अमेरिकेचे प्रॉफेट-६०० आणि जपानचे ज्युपिटर-६ हे कीबोर्ड एका तारेने जोडले गेले, आणि मिडी नावाचा करारनामा अमलात आला. मुख्य यंत्र दर मात्रेस २४ वेळा एकेका बाइटचा संदेश धाडते. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत दोन संदेशांत सुमारे २१ मिलिसेकंदांचे अंतर पडते, आणि त्यावरूनच बाकीची यंत्रे आपली गती ठरवतात. आरंभाचे, विरामाचे व थांबल्या जागेपासून पुढे चालण्याचे हुकूम वेगळे.

प्रॉफेटचे कर्ते डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी या प्रतिस्पर्धी कारखानदारांनी ही पद्धती स्वामित्वशुल्क न घेता सर्वांस खुली ठेवली, हे औदार्य मला त्या तंत्राहूनही थोर वाटते. २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.