बराकीतला 21 चा हिशेब

जुगार आमच्याकडे हराम. तेव्हा ब्लॅकजॅकवर बोलायला हा कवी कुठून आला, असं कुणालाही वाटेल. पण ही गोष्ट चार फौजींनी मांडलेल्या हिशेबाची आहे.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात अ‍ॅबरडीनला लष्कराचं शस्त्रचाचणी केंद्र आहे. 1953 च्या सुमारास तिथल्या बराकीत रात्री पत्त्यांचा डाव पडायचा. रॉजर बाल्डविन हा साधा शिपाई, पण गणित शिकलेला. एकदा ब्लॅकजॅकचा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, लास वेगासच्या कॅसिनोत पानं वाटणाऱ्याची मर्जी चालत नाही. 16 पर्यंत त्यानं पान घ्यायलाच हवं, 17 ला थांबायलाच हवं. बाल्डविनचे कान टवकारले. समोरचा नियमानं बांधलेला असेल, तर त्याच्या खेळीचा हिशेब मांडता येतो. (वृत्तात लिहिणाऱ्यांना बांधलेपण काय ते सांगायला नको!)

खेळ तसा सोपा. 21 च्या जवळ जायचं, ओलांडायचं नाही. राजा, राणी, गुलाम 10 चे. एक्का सोयीप्रमाणे 1 चा किंवा 11 चा. वाटणाऱ्याचं एक पान उघडं दिसतं. मेख पुढेच आहे. पानं आधी खेळणाऱ्यानं मागायची. तो 21 च्या वर गेला की पैसे गेलेच. मागाहून वाटणारा बाद झाला असता, तरी ते परत मिळत नाहीत. कॅसिनोचा संसार या ‘आधी’वर चालतो.

बाल्डविनबरोबर कॅन्टी, मायझेल आणि मॅकडरमॉट जमले. टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर कितीतरी महिने आकडेमोड चालली. 1956 मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. उघडं पान 7 किंवा मोठं असेल, तर 17 होईपर्यंत मागा. 4, 5, 6 असेल तर 12 वरच हात आवरा, कारण आता वाटणाराच अडचणीत आहे. त्याला पानं घ्यावीच लागणार. 2 किंवा 3 असेल तर 13 ला थांबा. (एक्का 11 चा धरला असेल तर गणित निराळं.) एवढं बिनचूक खेळूनही, त्यांच्या हिशेबानं, 100 डॉलरमागे सरासरी 62 सेंट जायचेच. अंदाजानं खेळणाऱ्याचे त्याहून कितीतरी जास्त. मला त्यांचं कौतुक वाटतं ते या सरळपणाचं. जिंकण्याचं आमिष त्यांनी या आकड्यांत मिसळलं नाही.

हा लेख वाचून एडवर्ड थॉर्प हा गणिती वेगासला जाऊन थोडे डॉलर हरून आला. पण गेलेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, म्हणजे उरलेल्या पानांचा अंदाज ठेवता येतो, हे त्यानं हेरलं. आयबीएमच्या संगणकावर हिशेब करून 1962 मध्ये त्यानं ‘बीट द डीलर’ हे पुस्तक काढलं. कॅसिनोवाले हादरले. 1964 मध्ये वेगासमध्ये नियम आवळले, तर गिऱ्हाईक उठून जायला लागलं. ते नियम मागे घ्यावे लागले. पुढे एका कॅटऐवजी चार, सहा, आठ कॅट एकत्र पिसायची पद्धत पसरली. आधी खेळणाऱ्यानंच पान मागायचं, हा नियम मात्र कुणी हलवला नाही.