पाणीवाली बाई

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि नळाचा विषय निघाला. ग्रामसभेत बोलायचं कुणी? एक काकू म्हणाल्या, "नको गं बाई, ते राजकारण आपल्याला कुठं जमतंय?" तेव्हा मी मृणाल गोरेंची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

मृणालताईंचा जन्म १९२८चा. डॉक्टरकी शिकत होत्या, ती सोडून समाजवादी चळवळीत आल्या. केशव गोरेंशी लग्न झालं, तेही जातीबाहेर. दोघांनी मुंबईच्या गोरेगावात काम सुरू केलं. १९५८ साली केशवराव वारले. ताई तेव्हा तिशीच्या, पदरात लहान मुलगी. तरी काम सुटलं नाही. १९६१मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या.

गोरेगावच्या वस्त्यांत प्यायला पाणी नव्हतं. बायकांना घेऊन ताई त्यासाठी भांडत राहिल्या. लोकांनीच त्यांना नाव दिलं, पाणीवाली बाई.

मग आला १९७२चा दुष्काळ. आपल्या सासवा अजून त्याच्या आठवणी काढतात. महागाई भडकली, रॉकेल, तेल, साखर मिळेना. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट. पक्ष वेगळे, पण चूल दोघींच्या घरी सारखीच. सगळ्यांना एकत्र करून त्यांनी महागाईविरोधी समिती काढली आणि हजारो बायका लाटण्यांनी थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. बघा, शस्त्र कुठलं, तर स्वयंपाकघरातलं!

आणीबाणीत ताई भूमिगत राहून काम करत होत्या. पुढे पकडल्या गेल्या, तुरुंगात गेल्या. १९७७ला खासदार झाल्या, त्याच निवडणुकीत इंदिराबाई हरल्या. तेव्हाची घोषणा गाजली, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!"

मोरारजी देसाईंनी त्यांना आरोग्यमंत्रिपद देऊ केलं, ताईंनी ते नाकारलं. लोकांत राहून काम करायचं होतं त्यांना. खरं सांगू? मला हे पूर्ण पटत नाही. अशी बाई त्या खुर्चीत हवीच होती.

पण आरोग्याचं काम त्यांनी मंत्री न होताही केलं. १९८५ला त्या पुन्हा आमदार झाल्या. पोटातला गर्भ मुलगा की मुलगी हे तपासण्यावर बंदी यावी म्हणून त्यांनी विधानसभेत विधेयक मांडलं. १९८८ साली महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात सगळ्यात आधी. देशाचा कायदा १९९४ला झाला. सोनोग्राफीच्या दवाखान्यात भिंतीवर जी पाटी असते ना, ती तिथून आली.

गोष्ट संपली तशी काकूंनी विचारलं, "ग्रामसभा किती वाजता आहे म्हणालीस?"