संत्र्याची साल, साखरेचा पाक आणि बायकांचे हात

व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की श्रोते पानिपत, रायगड किंवा निदान फ्रेंच राज्यक्रांती ऐकायची तयारी करून येतात. आम्ही संत्र्याच्या सालीविषयी बोलणार आहोत, तेव्हा ज्यांना उठून जावयाचे असेल त्यांनी खुशाल जावे. मात्र या सालीच्या मागे दोन खंडांतील गुलामगिरी, एक जुना बहिष्कार आणि एक विजयी संप उभा आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

साखरेत पाकवलेली साल हा पदार्थ पुष्कळांनी केकमध्ये लागलेला खाल्ला असेल. त्यात दूध नाही, खवा नाही, तूप नाही, अंडे नाही, मधसुद्धा नाही. भट्टी लावावी लागत नाही. आजची तरुण मंडळी अशा खाण्याला ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी तयार केला. पदार्थ त्या शब्दाहून कित्येक शतकांनी जुना आहे.

आधी कृती सांगतो, म्हणजे इतिहास रुचला नाही तरी कोणी रिकाम्या हाताने घरी जाणार नाही. नागपुरी संत्र्याची साल पातळ. ती चालते, पण मोसंबी, ईडलिंबू किंवा महाळुंग यांची जाड साल अधिक चांगली. सालीच्या बोटाएवढ्या चिरफळ्या कराव्यात. त्या पाण्यात दहा मिनिटे उकळून ते पाणी फेकून द्यावे. पुन्हा नवे पाणी, पुन्हा उकळी, असे तीनदा. कडवटपणा पाण्यात उतरतो आणि पाण्याबरोबर जातो. मग निथळलेली साल तोलून तितकीच साखर आणि साखरेच्या निम्मे पाणी घ्यावे व मंद आचेवर साल काचेसारखी पारदर्शक दिसेपर्यंत शिजवावी. पाकात चमचाभर लिंबाचा रस पिळला की साखर फुटते आणि पाकाला कणी धरत नाही. शेवटी चाळणीवर पसरून एक-दोन दिवस वाळवावी आणि पिठीसाखरेत घोळवावी. मोरावळा घालणाऱ्या बाईला यात नवे काही नाही. साखर सालीतले पाणी बाहेर ओढते आणि त्याच्या जागी स्वतः जाऊन बसते. इतक्या दाट साखरेत जंतूंना जगण्यापुरते पाणी मिळत नाही, म्हणून पदार्थ महिनोन् महिने टिकतो.

आता हा पदार्थ मूळचा कोणाचा? शब्दांनाच विचारावे. आपला ‘नारंग’ इराणात ‘नारंग’च राहिला, अरबांकडे ‘नारंज’ झाला, स्पेनात ‘नारांखा’ झाला आणि पुढे आद्याक्षर गमावून ‘ऑरेंज’ म्हणून इंग्रज साहेबाच्या बोटीतून परत आला. ‘शर्करे’ची ‘शकर’, ‘सुक्कर’ आणि ‘शुगर’ झाली. ‘खंड’ शब्दाचे ‘कंद’ आणि मग ‘कँडी’ झाले. उलट गोड संत्रे पोर्तुगीजांनी पूर्वेकडून नेऊन युरोपात रुजवले, म्हणून अरब आणि ग्रीक लोक आजही त्या फळाला पोर्तुगालच्या नावाने ओळखतात. आपल्या मोसंबीचे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आले असे मानतात. महाळुंगाचे तर काय सांगावे! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले हे फळ या कुळापैकी भूमध्य समुद्राकाठी सर्वांत आधी पोहोचले. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक पंडित थिओफ्रॅस्टस त्याचे वर्णन करतो आणि म्हणतो की ते खात नाहीत, कपड्यांत ठेवतात, म्हणजे कसर लागत नाही. ते खाण्याजोगे करायला साखर पाहिजे होती, आणि साखर बनवण्याची विद्या आपल्याकडे होती.

अरबांनी ती विद्या पश्चिमेला नेली. युरोपात साखर कित्येक शतके औषध विकणाऱ्याच्या दुकानात तोळ्यामाशाने मिळत असे. भविष्ये वर्तवणारा म्हणून प्रसिद्ध असलेला नॉस्त्रादामूस धंद्याने वैद्य. त्याने १५५५ साली मुरंब्यांचे आणि पाकवलेल्या फळांचे पुस्तक छापले. आमच्या मते त्याच्या भविष्यांपेक्षा हे पुस्तक जास्त खरे आहे. तेव्हा हा खाऊ राजेरजवाड्यांचा होता. तो गरिबाच्या घरी केव्हा आला? साखर स्वस्त झाली तेव्हा. आणि साखर स्वस्त कशाने झाली, हे विचारल्याशिवाय आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला पुढे जाता येत नाही.

ती स्वस्त झाली ती आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या श्रमाने. वेस्ट इंडीज बेटांवर उसाचे मळे गोऱ्यांचे आणि कोयता गुलामाच्या हातात. ऊस कापल्यावर लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस फिरे. झोपेने पेंगणाऱ्या गुलामाचा हात चरकात गेला तर तो तोडून काढण्यासाठी शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे.

१७४७ हे साल आमच्या टिपणवहीत आम्ही तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे. त्या वर्षी मे महिन्यात जेम्स लिंड या आरमारी वैद्याने ‘सॅलिसबरी’ जहाजावरील रक्तपिती झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळे औषध दिले. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. सहा दिवसांत फळे संपली, तोवर त्यातला एक जण कामावर जाण्याजोगा झाला होता. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मार्गग्राफ या रसायनज्ञाने बीटाच्या कंदातली साखर उसाच्या साखरेसारखीच असल्याचे दाखवून दिले. म्हणजे लिंबाचा गुण आणि गुलामाविना साखर, दोन्ही एकाच वर्षी हाती आले. पण आरमाराने सर्व खलाशांना लिंबाचा रस देण्याचे ठरवले ते १७९५ साली. खलाशी मेला तर दुसरा मिळत होता, घाई कशाला?

येथून स्वयंपाकघर राजकारणात उतरते. एप्रिल १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्सचा ठराव ब्रिटिश पार्लमेंटने ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स नावाच्या गृहस्थाने एक पत्रक काढले. त्यात त्याने चक्क हिशेब मांडला, की आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल. पार्लमेंटात मत नसलेल्या बायकांच्या हाती चहाची किटली मात्र होती. त्यांनी घरची साखर बंद केली. टॉमस क्लार्कसन या कार्यकर्त्याच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी साखर सोडली होती. पुढे लेस्टर शहरात एलिझाबेथ हेरिक ही बाई दारोदार फिरली आणि १८२४ साली तिने पत्रक लिहून मागणी केली, की गुलामगिरी हळूहळू नको, ताबडतोब बंद करा. पुढारी पुरुष ‘हळूहळू’वाले होते. वाटाघाटीला बसणारे पुढारी आणि खाली उभी असलेली माणसे यांच्यातला हा फरक आम्ही पुष्कळ संपांत पाहिला आहे.

या बहिष्कारात एक गंमत झाली. दुकानांतून ईस्ट इंडियाची साखर गुलामांच्या श्रमाची नाही, असे लिहिलेली साखरदाणी विकू लागले. आपल्याकडची साखर म्हणजे शुद्ध पुण्य! वास्तविक १८३३ च्या गुलामगिरीबंदीच्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळलेला होता. येथे गुलामीला कायद्याचा आधार नाकारला गेला तो १८४३ साली. वेष्टनावरची अक्षरे आणि आतला माल यांत अंतर असते, ते तेव्हापासून आहे.

गुलाम सुटले आणि मळेवाल्यांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली. सुटलेल्या गुलामाला छदामही मिळाला नाही. मळ्यांना माणसे हवीच होती, ती आपल्या देशातून गेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर मॉरिशसला उतरले. पुढे करारावर लाखो गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी बोलणारी माणसेही होती. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज गणेशोत्सव करतो तो त्यांचा वंश. आपली भाषा त्या बेटावर गेली ती साखरेसाठी, पोथी घेऊन नव्हे.

आता सालीकडे वळू. स्कॉटलंडमधील डंडी शहर सेव्हिलच्या कडू संत्र्यांच्या मार्मलेडसाठी प्रसिद्ध. वादळात अडकलेल्या जहाजातली संत्री एका बाईने स्वस्तात घेतली आणि हा मुरंबा शोधला, अशी कथा तेथे सांगतात. कथा गोड असली तरी खरी नव्हे. असा मुरंबा करण्याच्या कृती त्याच्या आधीच्या शतकात लिहिलेल्या आहेत. खरे इतकेच, की अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे त्याचा व्यापार उभा राहिला. त्याच गावी बंगालचा ताग विणला जाई आणि गिरण्यांत बहुतांश बायका राबत. संत्री स्पेनची, साखर वेस्ट इंडीजची, ताग बंगालचा आणि मजुरी बायकांची!

घरातली साल कारखान्यात गेली की तिचे काय होते, हे लंडनच्या बर्मंडसी भागात दिसले. तेथे मुरंबे, बिस्किटे, गोळ्या यांचे कारखाने एकाला एक लागून होते. १९११ च्या ऑगस्टात भयंकर उकाडा होता. एका मिठाई कारखान्यातल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या आणि दारोदार हाका मारीत गेल्या. पाहता पाहता सुमारे चौदा हजार बायका बाहेर पडल्या. बहुतेकींची संघटना नव्हती, लेखी मागणीपत्र नव्हते, शिल्लक निधी नव्हता. आम्ही कार्यकर्त्यांना शिकवतो त्याच्या नेमके उलटे! मेरी मॅकआर्थर ही संघटक धावली, तिने मागण्या लिहून काढल्या, संपकऱ्यांना भाकरी पुरवण्याची सोय केली. एकवीस कारखान्यांपैकी अठरांत मजुरी वाढली. १९०९ च्या कायद्याने इंग्लंडात मोजक्या धंद्यांसाठी किमान मजुरी ठरवणारी मंडळे नेमली होती. १९१३ साली मिठाई आणि मुरंब्याचा धंदा त्यांत आला. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्याचा धागा तेथपर्यंत जातो.

आपल्याकडे १९०५ च्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. ती हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात, हे लोकांना खटकले, आणि ते खोटे नव्हते. शाकाहाराचा कटाक्ष पाळणाऱ्यांनी हा प्रश्न आजही दुकानदाराला विचारावा. प्रवरेकाठी १९५० साली सहकारी कारखान्याची चाके फिरली, तेव्हा शेतकरी मालक झाला याचा आम्हांला अभिमान आहे. पण ऊस तोडणाऱ्याचे काय? नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादम उचल देतो आणि टोळी पाचसहा महिने पालात राहते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली चौकशी झाली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. दुखण्याचा खाडा परवडत नाही, म्हणून अवयवच काढून टाकायचा. बर्मंडसीला शंभर वर्षे उलटल्यावरची ही गोष्ट आहे.

आमच्या वस्तीतल्या काही बायकांनी ही साल घरी करण्याचे काम अलीकडे घेतले. रस काढणाऱ्यांकडची साल फुकट मिळते; एक व्यापारी साखर आणून देई आणि तयार माल किलोवर उचली. काम घरात, म्हणून ते काम नव्हे, अशी त्याची समजूत. आणि खरे सांगायचे तर घरच्या पुरुषांचीही तीच. एक बाई आम्हांला म्हणाली, “भाऊ, पातेले माझे, गॅस माझा, मग तो मला किलोमागे नेमके कशाचे पैसे देतो?” तेव्हा आम्ही सगळी जणे घड्याळ समोर ठेवून बसलो. चिरणे, तीन उकळ्या, पाक, उलथणे, मुंग्यांपासून राखणे, घोळवणे, पुड्या बांधणे, असे एकेक काम मिनिटांत लिहिले. कागद पाहून व्यापारी हसला. दोन आठवडे कोणीच माल दिला नाही, तेव्हा त्याचे हसणे थांबले आणि दर वाढला. गॅसचा आकार निराळा धरला गेला. तिसऱ्या उकळीचे पाणी मोरीत ओतायला लागणारे मिनिटसुद्धा त्या कागदावर मांडलेले आहे. राहिलेला पाक कोणाचा, यावर अजून बोलणे चालू आहे. तूर्त बायका त्यात लिंबू पिळून सरबत करतात.