सात मतांचे अंतर

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिणाऱ्यांनी राजाची सत्ता अनुभवली होती. राजा आपल्या मर्जीने तह करी. राष्ट्राध्यक्षाला ते करता येऊ नये, म्हणून त्यांनी तहाचा अधिकार विभागला. तह राष्ट्राध्यक्षाने करावा, पण सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने, आणि उपस्थित सिनेटरांपैकी दोन तृतीयांशांनी त्यास अनुकूल मत द्यावे. कायद्यांचेही तसेच. काँग्रेसने, म्हणजे तेथील विधिमंडळाने, संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो. मात्र दोन्ही सभागृहांनी ते दोन तृतीयांश मतांनी पुन्हा संमत केल्यास त्याच्या सहीवाचून कायदा होतो.

या वाटणीची कठोर परीक्षा वुड्रो विल्सन यांच्या काळात झाली. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. नोव्हेंबर १९१८ च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहे विरोधी रिपब्लिकन पक्षाकडे गेली. तरीही डिसेंबरात विल्सन पॅरिसला निघाले, तेव्हा त्यांच्या शिष्टमंडळात एकही सिनेटर नव्हता. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. त्यातच राष्ट्रसंघाची सनद होती.

सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांचा मुख्य आक्षेप सनदेच्या दहाव्या कलमावर होता. सदस्य राष्ट्रांच्या भूमीचे परचक्रापासून रक्षण करण्याचे बंधन त्या कलमाने येत होते. काँग्रेसने ठरविल्यावाचून असे बंधन अमेरिकेवर नसावे, अशी अट लॉज यांनी मांडली. विल्सन यांना ती सनदेच्या प्राणावरच घाला वाटली. लोकांनाच साद घालावी म्हणून ते आगगाडीने देशभर निघाले. २५ सप्टेंबरला प्युएब्लो येथील भाषणानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि २ ऑक्टोबरला पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळविले. त्याच महिन्यात दारूबंदीच्या अंमलबजावणीचे विधेयक त्यांनी नाकारले. काँग्रेसने दुसऱ्याच दिवशी तो नकार मोडून काढला.

१९ नोव्हेंबरला तह अटींसह फेटाळला गेला आणि अटींविनाही. १९ मार्च १९२० रोजी पुन्हा मतदान झाले. अटींसह तहाच्या बाजूने ४९, विरुद्ध ३५. हवी होती ५६. विरोधकांत विल्सन यांच्याच पक्षाचे २३ सिनेटर होते. अटी मान्य करू नका, हा त्यांच्याच नेत्याचा आदेश होता. सात मते कमी पडली. पारतंत्र्यातील हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य झाला. ज्यांनी त्याचे स्वप्न पाहिले, त्या विल्सन यांचा देश मात्र अखेरपर्यंत बाहेरच राहिला.

पाव शतकानंतर, १९४५ साली, संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिण्यासाठी सान फ्रान्सिस्कोत परिषद भरली. या वेळी अमेरिकेच्या शिष्टमंडळात दोन्ही पक्षांचे सिनेटर होते : डेमोक्रॅटिक टॉम कॉनली आणि रिपब्लिकन आर्थर व्हँडेनबर्ग. २८ जुलैला सिनेटने सनदेला ८९ विरुद्ध २ मतांनी संमती दिली.

घटनेतील कलम दोन्ही वेळा तेच होते. त्यात संमतीच्या आधी सल्ला हा शब्द लिहिलेला आहे. विल्सन यांनी सिद्ध झालेला तह पुढे ठेवून संमती मागितली. १९४५ मध्ये मसुदा लिहितानाच सल्ला घेतला गेला. वाटून दिलेला अधिकार एकट्याने चालवू पाहणाऱ्याचा हेतू कितीही उदात्त असो, ज्यांच्याविना कार्य तडीस जाणार नाही, त्यांना आरंभीच सोबत घ्यावे लागते.