दोन पडद्यांमधला स्वर

परंपरा आणि आधुनिकता ही जोडी वर्गात शिकवताना आम्ही ती बहुधा विरोधाची म्हणूनच मांडतो. तुर्की संगीताचा विसाव्या शतकातील इतिहास ही सवय तपासून पाहावयास लावतो.

१९२३ मध्ये विचारवंत झिया ग्योकाल्प यांनी राष्ट्रीय संगीताचे सूत्र सांगितले : लोकगीतांच्या चाली घ्याव्यात, त्यांना पाश्चात्त्य संगीततंत्राची जोड द्यावी आणि ऑटोमन दरबारी संगीत परके म्हणून बाजूस सारावे. १९३४ मध्ये ते संगीत नभोवाणीवरून हद्दपारही झाले. बंदी उठली ती १९३६ मध्ये. आधुनिकता ही येथे वरून आलेली आज्ञा होती.

१९६५ मध्ये ‘हुर्रियत’ या वृत्तपत्राने ‘आल्तिन मिक्रोफोन’ ही स्पर्धा सुरू केली. पाश्चात्त्य वाद्ये आणि तंत्रे वापरून तुर्की गीते सादर करावीत, अशी तिची अपेक्षा होती. वरवर पाहता हे ग्योकाल्पांचेच सूत्र. परंतु या पिढीच्या हाती इलेक्ट्रिक गिटार होती आणि कानांत आशिकांची, म्हणजे साझवर स्वतःची कवने गाणाऱ्या लोककवींची, गाणी होती.

साझच्या लांब दांडीवरचे पडदे बांधलेले असतात. पियानोच्या दोन पट्ट्यांमधले स्वरही त्यांवर मिळतात. गिटारच्या पक्क्या पडद्यांवर ते सहजी सापडत नाहीत. एर्किन कोराय प्रभृतींनी मग साझलाच विजेची जोड दिली. आमच्या मते निर्णायक घटना हीच होय. नाद बदलला, स्वरस्थाने मात्र ढळली नाहीत. तिकडे स्वीडनमध्ये तालवादक ओकाय तेमिझ तुर्की विषम मात्रांचे ताल जॅझमध्ये आणत होते.

सूत्र राज्यकर्त्यांचे, गाणे मात्र त्यांचे राहिले नाही. १९८० च्या लष्करी उठावानंतर सेल्दा बाजान यांना तुरुंगवास घडला. जर्मनीत असलेल्या जेम काराजा यांचे नागरिकत्व १९८३ मध्ये काढून घेण्यात आले. ते मायदेशी परतले १९८७ मध्ये.

१९९६ मध्ये इस्तंबूलमध्ये स्थापन झालेल्या ‘बाबा झुला’ने इलेक्ट्रिक साझला इलेक्ट्रॉनिक ध्वनींची साथ दिली. पुढे ‘आल्तिन ग्युन’ हा वाद्यवृंद तर ॲम्स्टरडॅममध्येच जन्मला.

परंपरेचे काय टाकावे, हे शासनाने ठरवले तेव्हा संगीत मुके झाले. काय राखावे, हे वादकांनी ठरवले तेव्हा ते नवे झाले. विरोध परंपरा आणि आधुनिकता यांच्यात नव्हताच. निवडीचा अधिकार कोणाचा, एवढाच वाद होता. वर्गात आता आम्ही प्रश्न तेथूनच सुरू करू.